हरड मॅडमचं नाक

आमच्या कॉलेजात साबणाचं पाणी करून ठेवायची पद्धत हरड मॅडम आल्यावर बंद पडली, आणि ती बंद पाडणारा मी होतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणी मला सज्जन समजायला नको.

मुरबाड तालुक्यातलं आमचं ज्युनिअर कॉलेज. मी तिथे केमिस्ट्री शिकवतो, शहापूरहून किन्हवलीच्या रस्त्याने रोज मोटारसायकलवर ये-जा करतो. प्रयोगशाळा म्हणाल तर एकच लांबट हॉल, अर्धा केमिस्ट्रीचा, अर्धा बायोलॉजीचा. गॅसचा सिलिंडर मागच्या पडवीत, त्याची रबरी नळी भिंतीतल्या भोकातून आत, आणि तिथून बर्नरच्या टेबलांना. नियम असा होता की रोज सकाळी प्रत्येक जोडावर साबणाचा फेस लावायचा आणि बुडबुडे येतात का ते बघायचं. काम कंटाळवाणं. आमचे प्रयोगशाळेतले गायकरमामा ते करायचे, नाहीतर मी.

मग बायोलॉजीला वैशाली हरड मॅडम आल्या. पहिल्याच आठवड्यात त्या हॉलच्या दारात थबकल्या, डोळे मिटले, एक लांब श्वास घेतला आणि म्हणाल्या, "तिसऱ्या टेबलाची नळी बदला. चिरली आहे."

मामांनी फेस लावून बघितला. एवढासा बुडबुडा आला, तोही अर्ध्या मिनिटाने. मी खाली वाकून नाक लावलं तरी मला काही कळलं नव्हतं.

त्या दिवसापासून रोज साडेदहाला मॅडम दारात उभ्या राहायच्या, श्वास घ्यायच्या आणि "ठीक" म्हणायच्या. त्यांनी ठीक म्हटल्याशिवाय कोणी काडी ओढायची नाही, आणि म्हटल्यावर कोणी शंका काढायची नाही. साबणाची बाटली आधी फडताळात गेली, मग वाळून खडखडीत झाली. मीच मामांना म्हणालो होतो, "कशाला उगाच खपता? मॅडम आहेत ना."

मॅडम म्हणजे ठेंगण्या, काटकुळ्या, सुती साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या, आणि कायम उशीर झाल्यासारख्या चालणाऱ्या. केसांत फूल कधी नाही. एकदा हळदीकुंकवाला कोणीतरी हौसेने गजरा पुढे केला, तर म्हणाल्या, "नाकाशेजारी गजरा म्हणजे कानाशेजारी लाउडस्पीकर. दिवसभर दुसरं काही ऐकू येईल का?" पावडर नाही, वासाचा साबण नाही. स्टाफरूममध्ये कोणी सेंट मारून आलं की त्या खुर्ची उचलून खिडकीशी जायच्या. राग नसायचा त्यात, पण समोरच्याला ते लागायचंच.

डबे उघडण्याआधी कोणाच्या डब्यात काय आहे ते त्या सांगायच्या, हे तर नेहमीचं. पण त्यांचं तेवढ्यावर भागायचं नाही. एकदा मला म्हणाल्या, "निमसे सर, आज घरी वाजलं वाटतं."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"डाळ खाली लागलीय. तुमच्या मिसेस डाळ लागू देणाऱ्यातल्या नाहीत. म्हणजे त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं."

सगळी स्टाफरूम हसली. मी डबा न खाता परत नेला, आणि घरी पुन्हा वाजलं.

कोणी चौकशी न करता मत ठोकून दिलं की त्यांचं एक ठरलेलं वाक्य असायचं, "आधी नाक, मग तोंड." मुलं त्यांची नक्कल करताना हेच म्हणायची, नाकावर बोट ठेवून. मॅडमना ते ठाऊक होतं. त्यांना ते आवडत असावं, कारण नकला करणाऱ्यांना त्यांनी कधी वर्गाबाहेर काढलं नाही.

त्यांचं गाव तालुक्यातल्याच म्हसा गावाच्या बाजूला. घरी भातशेती, आई आणि थोरला भाऊ. म्हशाच्या जत्रेला मी एकदा त्यांच्याकडे जेवायला गेलो होतो. जेवण बाजूलाच राहिलं, अंगणात माणसांची रांग. एकीच्या हातात सुकटीची पिशवी, एकजण पेंडीचा तुकडा घेऊन, एका म्हाताऱ्याने धोतराच्या सोग्यात भाताचं बियाणं बांधून आणलेलं.

"वैशे, जरा हुंगून सांग गो. उगवंल का ह्ये?"

मॅडमनी मूठभर भात नाकाशी धरला. "बाबा, ह्ये दमट ठेवलंत तुमी. अर्धं नाय उगवायचं. दुसरं बघा."

म्हातारा मुकाट्याने उठला. त्याने वाद घातला नाही, ना दुसऱ्या कोणाला विचारायला गेला. गावात काय आणि कॉलेजात काय, या बाईच्या नाकावर लोकांनी आपला निकाल सोडून दिला होता. तेव्हा मला ते फार कौतुकाचं वाटलं.

या नाकामागे अभ्यासही होता. एका मोठ्या संस्थेत त्या सहा-सात वर्षं उंदरांच्या नाकातल्या पेशींवर काम करत होत्या. वडील अंथरुणाला खिळले म्हणून प्रबंध अर्धा टाकून घरी आल्या आणि राहिल्या. त्याबद्दल हळहळताना मी त्यांना पाहिलं नाही. पण बारावीला चेतासंस्थेचा धडा आला की त्यांच्या अंगात यायचं. पुस्तकात नसलेलं सुद्धा शिकवून मोकळ्या व्हायच्या.

एकदा मी शेजारच्या वर्गात रेणुभार समजावून सांगत होतो, तेवढ्यात असा गलका झाला की माझ्या हातातला खडू पडला. बाहेर येऊन बघतो तर बारावीची चाळीस मुलं मागच्या दारातून किंचाळत मैदानात पळतायत, प्रत्येकाच्या छातीला टाचणीने कागद लावलेला आणि त्यावर उणे चिन्ह. समोरून प्राचार्य धावत आले. त्यांना वाटलं भूकंप झाला.

"काय झालं? काय झालं मॅडम?"

"काही नाही सर," मॅडम दारात उभ्या राहून शांतपणे म्हणाल्या, "हा क्लोराइड आहे."

मग प्राचार्यांनाही तो धडा ऐकावा लागला. आपल्या बहुतेक चेतापेशींच्या आत क्लोराइड कमी, बाहेर जास्त. त्याचं दार उघडलं की बाहेरचा आत शिरतो आणि पेशी आणखी गप्प होते. पण वास घेणारी पेशी उलट्या काळजाची. ती सारा वेळ खपून क्लोराइड आत कोंबून ठेवते. वासाचा कण येऊन चिकटला की आधी एक लहान दार उघडतं आणि त्यातून थोडं कॅल्शियम आत येतं. हे कॅल्शियम आतून दुसऱ्या दाराची कडी काढतं. कोंडलेला क्लोराइड त्या दारातून भडाभडा बाहेर पडतो. उणे भार बाहेर गेला, की आतला भार अधिकाकडे झुकतो आणि पेशी मेंदूला ओरडून सांगते, वास आला! लहान दाराने केली असती ती कुजबुज, या दुसऱ्या दारामुळे तिची आरोळी होते.

"आणि हे दोघं?" प्राचार्यांनी वर्गात राहिलेल्या दोन मुलांकडे बोट दाखवलं. त्यांच्या छातीवर दोन-दोन अधिकची चिन्हं होती.

"ते कॅल्शियम. त्यांनीच कडी काढली."

प्राचार्य म्हणाले, पुढच्या वेळी कडी काढायच्या आधी ऑफिसात कळवा.

त्या दाराशी मॅडमचं काहीतरी हळवं नातं होतं. एका रिकाम्या तासाला त्यांनी मला आपणहून सांगितलं होतं. त्यांच्या मार्गदर्शकांना वाटायचं की वास म्हणजे मुख्यतः हे दुसरं दारच. मग कोणीतरी असे उंदीर तयार केले की ज्यांना ते दारच नाही. आणि ते उंदीर बऱ्यापैकी वास घेत होते! पुढे काहींना दिसलं की ओळखीचा, ठळक वास त्यांना येतो, पण अनोळखी वासाचा माग काढताना ते मागे पडतात. त्यावर अजून भांडण चालू आहे म्हणाल्या.

"तुमचं मत काय?" मी विचारलं.

"ठळक वास कोणालाही येतो हो सर. खरी परीक्षा बारीक वासाची. मला वाटतं, ते दार त्याच्यासाठी आहे." मग थोड्या थांबून म्हणाल्या, "मला वाटतं म्हणून ते खरं, असं नाही."

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मॅडमना ताप आला. फार काही झालं नाही, घरीच बऱ्या झाल्या. कॉलेज पुन्हा सुरू झालं, त्या पूर्वीसारख्या दारात उभ्या राहू लागल्या. श्वास, मग "ठीक". कोणाला काही वेगळं दिसलं नाही. मलाही नाही.

दिवाळीनंतरची गोष्ट. मुलं क्षार ओळखण्याचं प्रॅक्टिकल करत होती. एका मुलाने नको तेवढं ॲसिड ओतलं आणि हॉलभर सडक्या अंड्यांची घाण सुटली. क्षणात सगळे नाकाला रुमाल लावून दाराकडे धावले. मीही धावलो. दारातून मागे वळून बघितलं तर आपल्या अर्ध्या भागात मॅडम जर्नल तपासत बसलेल्या. लाल पेन चालू होतं. सही केली, पान उलटलं. मग बाहेरचा गोंधळ कानावर आला म्हणून त्यांनी मान वर केली. त्यांना मुलांचे रुमाल दिसले. आणि तेव्हा कुठे त्यांनी पदर उचलून नाकाला लावला.

पदर लावायला उशीर झाला होता, आणि तो उशीर मी बघितला हे त्यांनी बघितलं.

सगळे गेल्यावर त्या माझ्याकडे आल्या. "किती कळलं तुम्हाला?"

"केव्हापासून?" मी विचारलं.

"तापापासून. आधी वाटलं येईल परत. पुष्कळांना आठ-पंधरा दिवसांत आला." त्यांचा आवाज वर्गात शिकवतात तसाच होता, पण हात टेबलाची कड घट्ट धरून होते. "वास घेणाऱ्या पेशी बहुतेक जिवंत असतील. त्यांना सांभाळणाऱ्या शेजारच्या पेशी गेल्या असणार. त्या उगवतात पुन्हा. कधी, ते कोणी सांगत नाही."

"मॅडम, पण गॅस..."

"रोज साडेनऊला येते मी. मामांच्या आधी. साबण लावून प्रत्येक जोड बघते. मग साडेदहाला दारात उभी राहते. तपासणी खरी आहे सर, फक्त नाक खोटं आहे."

मी म्हणालो, सांगून टाका ना. यात लाज कसली? तर त्या एकदम उसळल्या.

"तुम्हाला सोपं आहे. तुम्ही केमिस्ट्रीचे मास्तर आहात, उद्या चष्मा लागला तरी मास्तरच. माझ्याकडे लोक कशाला येतात? गावात कशाला येतात? माझं एवढंच आहे, सर." मग आवाज उतरला. "थोडे दिवस. परीक्षा होईपर्यंत. येईल परत."

मी हो म्हणालो. मला त्यांची दया आली होती, आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं होतं. डाळीवरून माझं हसं करणाऱ्या बाईचं गुपित आता माझ्या मुठीत होतं. माणूस असा असतो. मी तरी आहे.

पुढले तीन महिने माझे वाईट गेले. रोज साडेदहाला त्या दारात उभ्या राहायच्या. त्या श्वास घ्यायच्या आणि मी माझा रोखून धरायचो. सकाळी खरंच आल्या होत्या ना? सगळे जोड बघितले ना? जोडांवर साबणाचे सुकलेले ओघळ शोधायचो. ते असायचे. एकही दिवस त्या चुकल्या नाहीत, हेही इथे सांगितलं पाहिजे.

फेब्रुवारीत बारावीची प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या तालुक्यातले, घड्याळाकडे बघत बोलणारे. त्यांना आधीच कोणीतरी सांगून ठेवलेलं. आल्या आल्या म्हणाले, "मॅडम, तुमच्या नाकाची फार कीर्ती ऐकलीय. आज बघायला मिळणार!" मुलं हसली. पंचवीस मुलं पांढरे कोट घालून दाराबाहेर रांगेत उभी होती.

तेवढ्यात गायकरमामा पडवीतून घाम पुसत आले. "मॅडम, जुना सिलिंडर संपला व्हता. आत्ताच दुसरा लावलाय. जरा वास बघून घ्या."

साडेनऊची तपासणी जुन्या सिलिंडरवर झाली होती. नव्याची झाली नव्हती. हे त्या हॉलपाशी दोनच माणसांना कळलं.

मॅडमनी माझ्याकडे बघितलं. एकदाच. मला दोन दिवस सर्दी झालेली, नाक चोंदलेलं, माझ्याकडून त्या बाबतीत काही उपयोग नव्हता. पण तोंड तर उघडं होतं. "थांबा, मी जोडांना साबण लावून घेतो," एवढं एक वाक्य. ते माझ्या जिभेवर आलं होतं. मग वाटलं, परीक्षक विचारतील, मॅडम असताना साबण कशाला? एकातून एक निघेल. वाटलं, आजवर कुठे काय झालंय? मी हातातल्या प्रश्नांच्या चिठ्ठ्या मोजायला लागलो.

मॅडम दारात गेल्या. डोळे मिटले. लांब श्वास घेतला. परीक्षक कौतुकाने बघत होते.

"ठीक," मॅडम म्हणाल्या.

मुलं आत गेली. ज्योत हलू नये म्हणून खिडक्या लावलेल्या, पंखे बंद. चिठ्ठ्या वाटल्या. परीक्षानळ्यांचा किणकिणाट सुरू झाला, बर्नर अजून कोणी पेटवला नव्हता. मी पहिल्या टेबलापासून तिसऱ्यापर्यंत आणि तिसऱ्यापासून पहिल्यापर्यंत फेऱ्या मारत होतो.

भिंतीतून नळी आत येते त्या कोपऱ्यातल्या टेबलावर मंजुळा आगिवले होती. ठाकरवाडीतली मुलगी, वर्षभरात वर्गात दहा वाक्यं बोलली असेल. तिने परीक्षानळी धरलेली, काडेपेटी समोर, आणि ती नुसती उभी.

परीक्षक तिच्यापाशी थांबले. "काय गं, काडी ओढता येत नाही?"

"येती."

"मग?"

ती खाली बघत राहिली. परीक्षकांनी घड्याळ बघितलं आणि मॅडमना हाक मारली. मॅडम गेल्या. "मंजुळा, काडी ओढ."

"मी नाय ओढनार."

"का?"

"वास येतो, मॅडम. गॅसचा."

किणकिणाट थांबला. परीक्षक हसले. "अगं, मॅडमनी आत्ताच बघितलंय ना? उत्तर येत नसेल तर तसं सांग."

पलीकडच्या टेबलावर एका मुलाने काडी बाहेर काढलेली होती. तिचं टोक पेटीच्या बाजूला टेकलेलं. तो मॅडमच्या तोंडाकडे बघत होता, त्या काय म्हणतात याची वाट बघत. सगळीच मुलं बघत होती. मी चार पावलांवर होतो, आणि मीही त्यांच्याचकडे बघत होतो. मॅडमचा चेहरा पांढराफटक पडला. दोन श्वासांपेक्षा जास्त वेळ गेला नसेल.

"हातातल्या काड्या खाली ठेवा," मॅडम म्हणाल्या. "सगळ्यांनी. कोणी बटणाला हात लावायचा नाही. पळायचं नाही." आणि मग त्याच आवाजात, "मला वास येत नाही. माझ्या तापापासून मला कसलाच वास येत नाही. मंजुळा म्हणते ते खरं धरा. बाहेर चला."

मुलं ओळीने बाहेर पडली. त्या मुलाने काडी इतक्या हळू खाली ठेवली की जणू ती पेटलेलीच होती. मॅडम दारात उभं राहून मोजत होत्या. पंचवीस. मग परीक्षक, मग मी. सगळ्यांत शेवटी त्या स्वतः बाहेर आल्या, पडवीत गेल्या आणि रेग्युलेटर बंद केला. सिलिंडर बदलताना नळी ओढली गेली होती, आणि आत भिंतीपाशी तिच्यावरची पकड निखळली होती. मंजुळाच्या टेबलाखाली, जमिनीलगत गॅस साचत होता.

मैदानात चिंचेखाली मुलं उभी होती. हळूहळू एकेक बोलायला लागलं. "मला पण आला होता सर, पण मॅडम ठीक म्हणाल्या ना." असं म्हणणारी पाच-सहा तरी निघाली. गायकरमामा मट्कन खाली बसले. "मला पन नळीपाशी बारीकसा आला व्हता. म्हटलं मॅडमच्या नाकापरास माझं नाक काय!"

मॅडम मंजुळाकडे गेल्या आणि तिचे दोन्ही हात धरले. "सगळे गप्प होते. तू कशी बोललीस गं?"

मंजुळा गोंधळली. मग म्हणाली, "मला मरायचं नवतं, मॅडम."

मॅडम हसल्या. हसता हसता त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि ते त्यांनी पुसलंही नाही. दुपारी खिडक्या उघडून, साबण लावून, परीक्षा पार पडली.

तिसऱ्या दिवशी प्राचार्यांच्या केबिनमध्ये चौकशी बसली. प्राचार्य, संस्थेचे दोघे, समोर मॅडम. मलाही प्रयोगशाळेचा म्हणून बोलावलेलं, बाजूच्या खुर्चीवर. मॅडमनी काही लपवलं नाही. ताप केव्हा आला, साबणाची तपासणी कशी चालू होती, त्या दिवशी काय झालं, सगळं क्रमाने सांगितलं, वर्गात आकृती काढतात तसं.

संस्थेच्या एका गृहस्थांनी विचारलं, "हे आणखी कोणाला माहीत होतं?"

"नाही," मॅडम म्हणाल्या. "कोणालाच नाही."

त्यांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. माझ्यासमोर चहाचा कप होता. मी तो उचलला आणि प्यायलो. तो गार झाला होता, हे मला आठवतं, आणि मी तो पूर्ण प्यायलो हेही.

कारवाई होण्याआधीच मॅडमनी राजीनामा दिला. निरोप समारंभ वगैरे झाला नाही. किल्ल्या ऑफिसात देऊन त्या दुपारी निघाल्याचं मामांनी सांगितलं, तसा मी तास सोडून मुरबाडच्या एसटी स्टँडवर गेलो. त्या म्हशाकडे जाणाऱ्या गाडीची वाट बघत बाकावर बसल्या होत्या, मांडीवर पिशवी, पायांत तेच पांढरे बूट.

मी शेजारी बसलो आणि धडाधड बोलून टाकलं. "मी आज प्राचार्यांना सांगणार आहे. मला माहीत होतं, पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही एकट्याने का सोसायचं?"

"कोणासाठी सांगणार?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच."

"मग नका सांगू." त्या समोर बघत होत्या. "माझ्यासाठी गप्प बसलात ते पुष्कळ झालं. त्या दिवशी सिलिंडर बदललेला तुम्हाला माहीत होता. मला वास येत नाही हे माहीत होतं. तरी पंचवीस पोरं तुमच्यासमोरून आत गेली."

"तुम्हीच 'ठीक' म्हणालात, मॅडम." हे मी बोललो. अजून स्वतःचा राग येतो.

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. रागावलेल्या नव्हत्या. फार दमलेल्या दिसत होत्या.

"म्हणाले ना. मी माझ्या खोट्यात पुरती अडकले होते, सर. तुम्ही तर मोकळे होतात."

गाडी आली. त्या उठल्या, पिशवी खांद्याला लावली, दोघा-तिघांना आधी चढू दिलं आणि मग चढल्या. खिडकीशी बसलेल्या दिसल्या. शेजारच्या बाईने काहीतरी विचारलं, तिच्याकडे वळून त्या बोलायला लागल्या. गाडी स्टँडबाहेर वळली तेव्हाही त्या बोलतच होत्या. त्यानंतर मी त्यांना बघितलं नाही.

मी परत कॉलेजात गेलो. प्राचार्यांकडे कोणी पालक बसले होते, म्हणून बाहेर बाकावर थांबलो. अर्धा तास लागला. दोनदा उठावंसं वाटलं. मग त्यांनी आत बोलावलं, विचारलं, काय काम आहे. मी सांगितलं की मुलं आत गेली तेव्हा मला सगळं माहीत होतं.

त्यांनी विचारलं, "मग तेव्हा का नाही बोललात?"